रात्री दोन वाजता सीझर कोण करणार? – सिएरा लिओनमधले नऊ महिने

कृष्णाकाठची | ९ मार्च २०२५, २१:१०

काल महिला दिनाच्या कार्यक्रमात एका ताईंनी मला विचारलं, "तिथलं युद्ध तर कधीच संपलं होतं, मग तुम्ही कशाला गेला होतात?" माइकसमोर धड उत्तर देता आलं नाही. घरी आल्यापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी भूलतज्ज्ञ आहे. २०१७ साली एका परदेशी संस्थेतर्फे सिएरा लिओनमधल्या एका जिल्हा रुग्णालयात नऊ महिने होते. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटासा देश. १९९१ मध्ये लायबेरियाच्या सीमेकडून सुरू झालेलं यादवी युद्ध २००२ च्या जानेवारीत संपलं. म्हणजे मी गेले तेव्हा पंधरा वर्षं होऊन गेली होती. पण २०१३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे ११६५ मातामृत्यू होते. आपल्या महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला अजून पोटात खड्डा पडतो.

गोळीने माणूस मरतो हे कुणालाही कळतं. पण दवाखाना जळतो, तिथली नर्स लेकरं घेऊन सीमेपलीकडे जाते ती परत येत नाही, मुलींचं शिक्षण अर्धवट सुटतं, पूल पडतो तो पडलेलाच राहतो. शांततेचा करार झाला म्हणून यातलं काही दुसऱ्या दिवशी उभं राहत नाही. आणि बाळंतपणं तर थांबत नाहीत. त्यात २०१४ ला इबोला आला. देशातले दोनशेहून जास्त आरोग्य कर्मचारी त्यात गेले. मुळात होतेच किती! बायका दवाखान्याच्या दारात यायला घाबरू लागल्या.

एक रात्र सांगते. जुलै महिना, तिकडचा धुवांधार पाऊस. पावणेदोन वाजता ओकाडा आली. ओकाडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल. पुढे चालवणारा, मध्ये ती, मागे तिला कवेत धरून बसलेली सासू. वय असेल चोवीस-पंचवीस, तिसरं बाळंतपण, दीड दिवस अडलेली. आधी गावातली सुईण, मग होडीतून नदी ओलांडून आरोग्य केंद्र, तिथून ही मोटारसायकल. कमरेला तिथल्या पद्धतीचा लापा गुंडाळला होता, छापील जाड कापड. तो सोडला तर पाऊस आणि रक्त दोन्ही ठिबकत होतं. पोटावर हात ठेवला तर बाळाचा पाय कातडीखाली सरळ बोटांना लागला. गर्भाची पिशवी फाटली होती.

त्या रात्री रुग्णालयात पोट उघडणारा एकही डॉक्टर नव्हता. होता तो एक कम्युनिटी हेल्थ ऑफिसर. एमबीबीएस नाही. तीन वर्षं आरोग्य केंद्रात काम केलेला आणि आता शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात असलेला. मी भुलीचं केटामिन दिलं, त्याने पोट उघडलं. वीस मिनिटांत जनरेटर बंद पडला. सिस्टरने कपाळाला बांधायची बॅटरी त्याच्या डोक्याला लावली. त्याचा हात क्षणभरही थांबला नाही. बाळ आधीच गेलं होतं. त्याने पिशवी शिवली, गाठी पुन्हा एकेक तपासल्या, मगच पोट बंद केलं.

रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. तिथे नातेवाईक देतील तेव्हा रक्त. नवरा मागून चालत पोचला पहाटे साडेतीनला, गुडघ्यापर्यंत चिखल. गट जुळला. सुई टोचण्याआधी त्याने एकच विचारलं, "रक्त दिल्यावर मला भाताच्या शेतात वाकून काम करता येईल ना?" दुसरी पिशवी आमच्या वॉर्डातल्या कामगाराने दिली. त्या वर्षातलं त्याचं ते तिसरं रक्तदान होतं.

माझं सांगणं एवढंच आहे. युद्धानंतर देश सावरतो तेव्हा मदत देणारे आधी इमारत बांधतात, कारण तिचं उद्घाटन करता येतं. बाईचा जीव वाचतो तो मात्र रात्री दोन वाजता हजर असलेल्या, हात बसलेल्या स्थानिक माणसामुळे. सिएरा लिओनमध्ये २०११ पासून कॅपाकेअर नावाची संस्था सरकारबरोबर अशी माणसं तयार करते आहे. मसांगा नावाच्या गावी जुनं कुष्ठरोग रुग्णालय होतं, युद्धात त्याची वाताहत झाली. तेच पुन्हा उभं करून तिथे हे प्रशिक्षण सुरू झालं. दोन वर्षं शिक्षण, वर चांगल्या देखरेखीखाली एक वर्ष काम. माझ्यासोबत त्या रात्री होता तो त्यातलाच.

टाकादोरा | ९ मार्च २०२५, २२:३५

लेख वाचून सुन्न झालो. तरीही मनातलं बोलतो. मी नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, चोवीस वर्षं झाली. फाटलेली पिशवी शिवणं हे कसलेल्या सर्जनलाही घाम फोडणारं काम. मूत्रनलिका कुठे आहे, मूत्राशय कुठे चिकटलंय हे न कळता टाका घातला तर ती बाई जगेल, पण जन्मभर लघवी गळत राहील. अशा बायकांना घरातून बाहेर काढतात हे तुम्हीही तिकडे पाहिलं असेल. गरीब देशातल्या बाईला कमी शिकलेला हात चालेल, हे मला पटत नाही. तिचंही शरीर शरीरच आहे.

कृष्णाकाठची | ९ मार्च २०२५, २३:२०

@टाकादोरा, सर, हाच प्रश्न मी पहिल्या आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकाला विचारला होता, जवळपास याच शब्दांत. त्यामुळे तुमचा राग मला कळतो.

फिस्टुला झालेल्या, म्हणजे तुम्ही म्हणता तशी लघवी गळत राहणाऱ्या बायका पाहिल्या. वॉर्डाच्या शेवटच्या खाटेवर बसतात, कुणाच्या जवळ येत नाहीत. पण त्यातल्या बहुतेकींचा फिस्टुला चुकीच्या टाक्याने झालेला नव्हता. दोन-दोन दिवस बाळाचं डोकं अडकून राहिलं, वेळेवर सीझर झालंच नाही, म्हणून झाला होता.

मोझांबिकचं उदाहरण पाहा. तिथलं यादवी युद्ध १९७७ ते १९९२. युद्ध चालू असतानाच, १९८४ मध्ये, त्यांनी डॉक्टर नसलेल्यांना शस्त्रक्रिया शिकवायला सुरुवात केली. त्यांना तिकडे 'टेक्निको' म्हणतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिथल्या जिल्हा रुग्णालयांमधल्या बाळंतपणाच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के टेक्निकोंनी केलेल्या होत्या. आणि मला हलवून टाकणारा आकडा वेगळाच आहे. पदवीनंतर सात वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी किती जण टिकले? टेक्निकोंपैकी ८८ टक्के. डॉक्टरांपैकी एकही नाही.

सिएरा लिओनमध्येही सीझरच्या निकालांची तुलना झाली, २०१९ ला प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित हेल्थ ऑफिसरांचे निकाल डॉक्टरांपेक्षा वाईट आढळले नाहीत. म्हणून मी याला कमी शिकलेला हात म्हणत नाही. एकाच कामासाठी, त्याच कामाचं भरपूर शिक्षण घेतलेला हात म्हणते.

आपणही हे केलंच आहे की. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण देऊन ग्रामीण रुग्णालयांत पाठवलं. मी स्वतः त्यांना शिकवलंय.

टाकादोरा | १० मार्च २०२५, ०७:१५

सात वर्षांनी एकही डॉक्टर नाही, हे रात्री डोक्यातून गेलं नाही. माझ्या बॅचमधला तालुक्याला राहिलेला एकच मित्र आठवला. माझं म्हणणं थोडं बदलतो: देखरेख पक्की असेल आणि अवघड केस पुढे पाठवायची सोय असेल तर हरकत नाही. पण तीच सोय नसते ना?

सातपुडा_सिस्टर | १० मार्च २०२५, १३:४०

मी धडगाव भागात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स आहे. ताई, तुमची ओकाडा वाचून मला आमची झोळी आठवली. बांबूला चादर बांधायची, दोघांनी पुढे-मागे खांद्यावर घ्यायचं, आणि पाऊस असेल तर नाल्याशी थांबून पाणी ओसरायची वाट बघायची. आमच्याकडे युद्ध झालं नाही तरी ही वाट आहे, मग जिथे दहा-अकरा वर्षं लढाई चालली तिथलं काय असेल.

आमच्याकडे माहेरघर आहे. लांबच्या पाड्यावरच्या पोटुशीला दिवस भरत आले की प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, सोबत एक नातेवाईक. चांगली योजना आहे, पण बाई येते कधी? जेव्हा घरच्या पोरांना सांभाळायला कुणी असतं आणि शेतीची कामं नसतात तेव्हा. तिकडे असं काही आहे का?

आणखी एक विचारायचं होतं. ऑक्सिटोसिन तिकडे कुठे ठेवायचे?

कृष्णाकाठची | १० मार्च २०२५, २०:०५

@सातपुडा_सिस्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ झाले. अशा ठिकाणी काम केलेलीच हे विचारेल!

बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जाऊ लागलं की पहिलं औषध ऑक्सिटोसिन, आणि ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. तिथल्या छोट्या केंद्रांत सौर ऊर्जेवर चालणारा फ्रिज असतो, पण तो लसींचा. एका केंद्रातल्या नर्सला कधीतरी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की त्यात लसींशिवाय काही ठेवायचं नाही. ती बिचारी इतकी प्रामाणिक की ऑक्सिटोसिनचा खोका तिने टेबलाच्या खणात ठेवला होता. बाहेर ३४ अंश. मी खण उघडला तेव्हा लेबलं घामेजून सुटत आली होती. म्हणजे सुई दिली जायची, नोंद व्हायची, आणि गर्भाची पिशवी आवळायची नाही. तिचा काय दोष? कागदावर त्या केंद्रात औषध 'उपलब्ध' होतं. त्या दिवशी फ्रिजचा खालचा कप्पा आम्ही मोकळा केला आणि दारावर तापमानाचा तक्ता लावला. आता हेच काम करणारं पण उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन निघालंय, २०१९ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

माहेरघरासारखी घरं तिकडेही आहेत. अडचण हुबेहूब तुमचीच: मागच्या पोरांना कोण बघणार. एका ठिकाणी बायका धाकट्यांना घेऊनच राहायला येत होत्या आणि आवारात चूल मांडायला जागा दिली होती. तिथे खाटा भरलेल्या असायच्या.

सुभेदार_कोरेगाव | १० मार्च २०२५, २१:३०

नमस्कार. मी आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त. २००० साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीबरोबर सिएरा लिओनला होतो. आमचा तळ डारूला. त्याच वर्षी जुलैत कैलाहूनला वेढ्यात अडकलेल्या आपल्या जवानांना सोडवायची मोहीम झाली, ऑपरेशन खुकरी.

त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मला दुसरंच सांगायचंय. तळाच्या फाटकाशी सकाळी रांग लागायची, त्यात पोटुशा बायका असायच्या. एक मुलगी आठवते, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल. पाय सुजलेले, डोकं धरून बसली होती. आमच्या डॉक्टरसाहेबांनी रक्तदाब घेतला आणि पुन्हा घेतला. झटके यायच्या आधीच औषध मिळालं म्हणून वाचली. भोवतालची कितीतरी गावं रिकामी होती, दवाखान्याच्या इमारतीला दारं-खिडक्यासुद्धा उरल्या नव्हत्या, सरपणाला नेल्या होत्या. आम्ही परत निघालो तेव्हा फाटकाशी रांग तशीच उभी होती. आम्ही गेल्यावर त्या कुठे गेल्या असतील हा विचार पंचवीस वर्षं मनात आहे. ताई, तुम्ही तिथल्याच पोराला शिकवल्याचं लिहिलंत, बरं वाटलं.

अनघा_कोथरूड | ११ मार्च २०२५, ११:५०

थोडं वेगळ्या देशाचं. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरेच असतात. आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायचं, ती सार्वजनिक आरोग्य शिकत होती आणि त्याआधी गावाकडे मिडवाइफ होती. तिच्यामुळे मी याबद्दल वाचत गेले.

२००२ साली तिथे मातामृत्यूंची पाहणी झाली तेव्हा देशाचा अंदाज लाखामागे १६०० होता. बदख्शानमधल्या राघ नावाच्या डोंगरी जिल्ह्यात ६५०० च्या आसपास. देशभरात प्रशिक्षित मिडवाइफ पाचशेहूनही कमी. मग त्यांनी शोधलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते: गावानेच आपली मुलगी निवडायची, तिला दोनेक वर्षं शिकवायचं आणि तिने त्याच गावात परतायचं. दहा वर्षांत संख्या चार हजारांवर गेली. आमची ही शेजारीण सांगायची की तिच्या वडिलांनी आधी नकार दिला होता, पण मशिदीत गावाची बैठक झाली आणि गावाने मागितली म्हणून पाठवली. परतल्यावर पहिलं बाळंतपण तिने सख्ख्या वहिनीचं केलं.

मे २०२० मध्ये काबूलच्या दश्त-ए-बार्ची भागातल्या प्रसूतिगृहात बंदूकधारी शिरले. २४ माणसं मारली, त्यात १६ बाळंतिणी आणि गर्भवती. डिसेंबर २०२४ पासून तर मुलींना मिडवाइफरी शिकायलाही बंदी. परपुरुष डॉक्टरकडे बाईला नेत नाहीत, आणि बाईला शिकू देत नाहीत. त्या शेजारणीचा मेसेज आला होता, "आमच्या शाळेतली शेवटची तुकडी परीक्षेच्या आधी घरी पाठवली." मी तिला काय उत्तर लिहू ते मला अजून सुचलेलं नाही.

कोकणवारा | ११ मार्च २०२५, १६:२५

अनघाताईंचा प्रतिसाद वाचून गलबललं.

मूळ विषयावर: सिएरा लिओनमध्ये बाळंतपण मोफत आहे ना? मग बाई घरी का राहते? मी वाचलं होतं की घरी बाळंतपण केलं तर गावचे प्रमुख दंड करतात. मला ते योग्य वाटतं. थोडा धाक हवाच.

कृष्णाकाठची | ११ मार्च २०२५, २२:१५

@कोकणवारा, इथे माझं तुमच्याशी जुळत नाही.

मोफत सेवा २७ एप्रिल २०१० ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, सुरू झाली. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालची मुलं. त्याआधी पगारवाढ केली, कारण नर्सला पगार पुरत नसेल तर ती पेशंटकडून घेणारच. पगारपत्रकावरची खोटी नावंही काढली. हे मला मनापासून आवडलं. पण योजना मोफत आणि कपाट रिकामं, असं झालं की चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात येते. हातमोजे आणा, सलाईन आणा. ओकाडाचं भाडं तर कुठल्याच योजनेत नव्हतं. अर्ध्या रात्री पावसात तो दुप्पट मागतो, आणि मागितलं तर मला त्यालाही बोल लावता येत नाही, रस्ता मी पाहिलाय.

आता दंड. त्या रात्रीच्या बाईची सासू ओकाडावरून उतरली तेव्हा तिने सुनेबद्दल नाही, आधी दंडाबद्दल विचारलं. आरोग्य केंद्रात यायला उशीर का झाला, तर घरी प्रयत्न केल्याचं कळलं तर दंड होईल या भीतीने त्यांनी आणखी काही तास काढले होते. धाकाने बाई दवाखान्यात येते तशी लपूनही बसते. त्यापेक्षा काही ठिकाणी सुईणीलाच सोबतीण केलं. ती बाईला घेऊन केंद्रात येते, बाळंतपणात डोक्याशी बसते, पाठ चोळते. तिचा मान राहतो आणि बाई वेळेवर पोचते. आपल्याकडे गडचिरोलीत राणीताई बंगांनी दायांना विश्वासात घेऊन शिकवलं, ते तिथे मला सारखं आठवायचं.

@टाकादोरा सर, पुढे पाठवायच्या सोयीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने सिएरा लिओनच्या बो जिल्ह्यात आणि युद्धातूनच सावरणाऱ्या बुरुंडीतल्या काबेझीमध्ये रुग्णवाहिका आणि चोवीस तास शस्त्रक्रिया अशी जोडी ठेवली होती. त्यांच्या २०१२ च्या अंदाजाप्रमाणे मातामृत्यू बोमध्ये ६१ आणि काबेझीत ७४ टक्क्यांनी कमी झाले. मी परतल्यावर, २०१८ मध्ये, सिएरा लिओनमध्ये सरकारी रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. २०१९ च्या सर्वेक्षणात मातामृत्यू ७१७ वर आले होते. अजूनही फार आहेत. पण ११६५ वरून आलेत, आणि तेही मध्ये इबोला येऊन गेल्यावर.

सातपुडा_सिस्टर | १२ मार्च २०२५, १४:१०

ताई, दंडाचं वाचून आमच्या पाड्यावरची एक म्हातारी सुईण डोळ्यासमोर आली. तिला आम्ही पूर्वी रागवायचो, आता गाडीत पुढच्या सीटवर बसवतो.

ती बाई वाचली का? तुम्ही लिहिलंच नाही.

कृष्णाकाठची | १२ मार्च २०२५, २१:४५

वाचली. तिसऱ्या दिवशी ताप आला तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो, पण उतरला. छातीत दूध आलं आणि पाजायला बाळ नाही, ते चार दिवस फार वाईट होते. ती भिंतीकडे तोंड करून असायची. सासू ओल्या फडक्याने तिची छाती शेकायची, बोलत काही नव्हती.

दहाव्या दिवशी घरी निघाली. तिथल्या क्रिओ भाषेत "कशी आहेस" विचारलं की "देवाचे आभार मानते" असं उत्तर द्यायची रीत आहे. तिने तसं म्हटलं नाही, नुसता माझा हात धरला. पुन्हा दिवस राहिले तर सुरुवातीलाच या, कळा यायची वाट बघू नका, सीझरच लागेल, हे हेल्थ ऑफिसरने नवऱ्याला तीनदा सांगितलं आणि कार्डावर लाल शाईने लिहून दिलं. नवऱ्याने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवलं. भातलावणी चालू होती. रक्त देऊन आठवडा झाला होता आणि तो शेतात वाकून काम करत होता, हे त्याने मला आवर्जून सांगितलं.

तो हेल्थ ऑफिसर आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, अजून रात्रीची ड्यूटी करतो. सुभेदारसाहेब, कैलाहूनलाच आहे.